घरच्या संगणकाचा बंदोबस्त



ज्या यंत्रात आज एखाद्या सामान्य मराठी कुटुंबाची बँकेची खाती, प्राप्तिकराची विवरणपत्रे, गावाकडच्या जमिनीचे सात-बाराचे उतारे, मुलांची प्रमाणपत्रे आणि दोन-तीन पिढ्यांची छायाचित्रे एकत्र येऊन राहिली आहेत, त्या घरच्या संगणकाच्या संरक्षणाचा निर्णय बहुतेक घरांत कोणी विचारपूर्वक घेतलेला नसतो. तो यंत्र विकणाऱ्या दुकानदाराच्या शिफारशीने, कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्याच्या सल्ल्याने किंवा पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या इशाऱ्याने परस्पर होऊन गेलेला असतो, आणि एकदा झाला म्हणजे दरसाल वर्गणीच्या रूपाने त्याचे नूतनीकरण होत राहते. काही घरांत एकाच यंत्रावर दोन-दोन, तीन-तीन संरक्षक आज्ञावली बसवलेल्या आढळतात, कारण एकीच्या नजरेतून जे सुटेल ते दुसरी पकडील अशी मालकाची समजूत असते. आणि काही घरांत, आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय, या विचाराने कसलीच तजवीज नसते. या दोन्ही प्रकारच्या लोकांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. प्रश्न नीट मांडून त्यांना कोणी दाखवलेला नाही, आणि तो मांडण्याची जबाबदारी ज्यांना या विषयाची थोडी माहिती आहे त्यांची आहे, असे मी मानतो.

माझे प्रतिपादन काय आहे ते आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाची परीक्षा श्रोत्यांना त्या कसोटीवर करता येईल. विंडोज प्रणाली वापरणाऱ्या सामान्य घराला आज संरक्षक आज्ञावली एकच पुरेशी आहे. ती यंत्राबरोबरच आलेली असते. तिच्यावर दुसरीची भर घातल्याने संरक्षण वाढते असे नाही, काही बाबतींत ते घटते. आणि आपण जे खरोखर गमावू शकतो त्याचा फार मोठा भाग कोणत्याही आज्ञावलीच्या अधिकारकक्षेत येतच नाही, त्याची व्यवस्था गृहस्थाला स्वतःच लावावी लागते.

या मताशी पुष्कळ अनुभवी माणसे सहमत होणार नाहीत, आणि त्यांच्या असहमतीला आधार आहे. अँटिव्हायरस विकत घेतल्याशिवाय संगणकाला हात लावू नये, हा सल्ला ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ऐकला आणि निष्ठेने पाळला, त्यांनी तो योग्यच पाळला. १९८६ साली लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाची आज्ञावली लिहिली. आपण तयार केलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा माग घेणे हा आपला हेतू होता असे त्यांनी पुढे सांगितले, आणि त्या आज्ञावलीत त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात दडून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणारी ही आज्ञावली आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकावरील पहिला व्हायरस मानली जाते. पुढच्या दशकात पुण्यात कैलास काटकर हे गणनयंत्रे आणि त्यानंतर संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत असता, दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकी अनेकांत सुटे भाग शाबूत असून व्हायरसनेच काम बंद पाडलेले असते, हे त्यांच्या वारंवार प्रत्ययास आले. आणि संगणकशास्त्राचे अध्ययन करणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तो उपद्रव काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावली लिहिण्यास सुरुवात केली. ‘क्विक हील’ हे उत्पादन आणि २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेलेली पुण्याची कंपनी यांचा उगम त्या दुरुस्तीच्या कामात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. त्या काळी गिऱ्हाइकाची गरज खरी होती आणि त्यावर काढलेला इलाजही खरा होता.

गरज खरी असण्याचे कारण असे की त्या वेळच्या विंडोजमध्ये स्वतःच्या रक्षणाची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत, बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे आणि ती सुरू करावी लागते हे सामान्य माणसाला कोणी सांगत नसे. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा उपद्रव पसरला तेव्हा वापरणाऱ्याने कोणतीही फाइल उघडण्याची किंवा कोणत्याही दुव्यावर बोट ठेवण्याची आवश्यकता उरली नव्हती. दुरुस्ती न केलेले यंत्र इंटरनेटला नुसते जोडले की ते आपोआप बाधित होई. त्यानंतर वर्षभराने, २००४ च्या ऑगस्टमध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीची जी दुसरी मोठी सुधारणा प्रसृत केली तिच्यात फायरवॉल आपण होऊन सुरू राहील अशी योजना झाली. २००९ साली ‘सिक्युरिटी एसेन्शियल्स’ ही अँटिव्हायरस आज्ञावली विनामूल्य मिळू लागली. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने ती प्रणालीच्या अंगभूतच झाली.

आरंभी तिची कामगिरी समाधानकारक नव्हती, हे सांगितले पाहिजे. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था अशा उत्पादनांची नियमित परीक्षा घेते. तिने २०१३ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टच्या या विनामूल्य आज्ञावलीला प्रमाणपत्र नाकारले होते. त्या सुमारास ज्यांनी अन्य कंपनीचे उत्पादन विकत घेतले त्यांचा निर्णय पुराव्यास धरून होता. परंतु त्याच संस्थेच्या गेल्या कित्येक वर्षांच्या परीक्षांत डिफेंडर सातत्याने वरच्या श्रेणीत येत आहे, आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दुसऱ्या परीक्षक संस्थेच्या अहवालांतही विकतच्या उत्पादनांत आणि तिच्यात जे अंतर दिसते ते घरच्या वापराच्या दृष्टीने अल्प आहे. सल्ला ज्या परिस्थितीतून निर्माण झाला ती परिस्थिती पालटली, पण सल्ला मात्र वहिवाटीने चालत राहिला, एवढाच याचा अर्थ.

येथे कोणी असे म्हणेल की अंतर अल्प असले तरी ते अंतर आहेच. मग दोन आज्ञावली एकत्र ठेवून ते का भरून काढू नये? याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे खोलात शिरले पाहिजे, आणि श्रोत्यांनी त्यासाठी काही क्षण माझ्याबरोबर यावे अशी विनंती आहे, कारण या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सत्य तेथेच आहे.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली संगणक-व्हायरसविषयीचा आपला निबंध सादर केला. त्यात त्यांनी एक प्रश्न विचारला: कोणतीही आज्ञावली पुढे ठेवली असता ती व्हायरस आहे की नाही हे कधीही न चुकता सांगू शकेल, अशी एखादी परीक्षक आज्ञावली निर्माण करता येईल काय? समजा, अशी सर्वज्ञ परीक्षक आज्ञावली कोणी निर्माण केली. आता मी एक नवी आज्ञावली अशी लिहितो की ती प्रथम त्या परीक्षकालाच स्वतःविषयी विचारते. परीक्षकाने ‘हा व्हायरस आहे’ असा निर्वाळा दिला तर ती काही एक न करता थांबते. ‘हा व्हायरस नाही’ असा दिला तर ती लगेच पसरू लागते. परीक्षकाने कोणताही निर्वाळा दिला तरी तो खोटाच ठरतो, आणि म्हणून असा सर्वज्ञ परीक्षक अस्तित्वात असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली गणनाच्या मर्यादांविषयी जे सिद्ध केले होते त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे. यंत्रे अधिक वेगवान झाल्याने, अभियंते अधिक कुशल झाल्याने किंवा हल्ली जिचा फार बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानेही तो खोटा ठरणार नाही, कारण तो तर्काचा सिद्धान्त आहे.

म्हणून प्रत्येक संरक्षक आज्ञावली अनुमानाने चालते. काही अनुमाने ओळखीच्या खुणांवरून होतात, काही आज्ञावलीच्या वर्तनावरून, आणि काही ती फाइल जगात अन्यत्र कोणाकोणाच्या यंत्रावर दिसली आहे या माहितीवरून. अनुमानाच्या मागोमाग दोन प्रकारचे प्रमाद येतात: अपराधी सुटून जाणे आणि निरपराधाला धरणे. एक प्रमाद कमी करण्यासाठी संशय वाढवावा, तर दुसरा वाढतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या अँटिव्हायरसने आपल्या दैनंदिन सुधारणेनंतर विंडोज एक्सपीच्याच एका अत्यावश्यक फाइलीला व्हायरस ठरवले, ती बाजूला काढली, आणि असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत निकामी झाले. दोन आज्ञावली एकत्र ठेवल्या म्हणजे दोघींचे असे खोटे आरोप एकाच यंत्रावर जमा होतात. पण अपराधी सुटण्याचे प्रमाण त्या हिशेबाने घटत नाही, कारण नवीन उपद्रव लिहिणारा मनुष्य बाजारातील सर्व प्रमुख अँटिव्हायरसांवर तो आधी तपासून पाहतो आणि मगच बाहेर सोडतो.

याखेरीज एक व्यावहारिक अडचण आहे. अशी आज्ञावली प्रत्येक फाइल उघडण्याच्या क्षणी मध्ये उभी राहते. दोघी उभ्या राहिल्या की एकमेकींच्या तपासणीची तपासणी करू लागतात, यंत्र मंदावते, कधी ठप्प होते, आणि एकीने बाजूला ठेवलेल्या उपद्रवाला दुसरी पुन्हा उपद्रव म्हणून घोषित करते. मायक्रोसॉफ्टने हे ओळखूनच, दुसरे उत्पादन बसवताक्षणी डिफेंडर आपण होऊन बाजूला सरेल अशी योजना केली आहे. तेव्हा ज्याला आपल्याकडे दोन रक्षक आहेत असे वाटते त्याच्याकडे पुष्कळदा एकच जागा असतो. आणि विकतच्या आज्ञावलीची मुदत संपली असल्यास तो एकही जागा आहे की नाही, हे यंत्रातील ‘विंडोज सिक्युरिटी’ या विभागात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. नव्या लॅपटॉपबरोबर तीन महिन्यांच्या किंवा वर्षाच्या बोलीने आलेली आज्ञावली मुदतीनंतर तशीच पडू देण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती यासाठी सोडली पाहिजे. एक तर ती वर्गणी भरून चालू ठेवावी, नाही तर पूर्णपणे काढून टाकावी.

परंतु दुसरी आज्ञावली न घेण्याचे माझे मुख्य कारण मंदपणा किंवा खर्च हे नाही. संरक्षक आज्ञावलीला आपले काम करता यावे म्हणून यंत्रातील सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. प्रत्येक फाइल वाचण्याचा, कोणतीही फाइल नष्ट करण्याचा, इंटरनेटवरील आपला व्यवहार पाहण्याचा आणि ती बनवणाऱ्या कंपनीकडून येणारा कोणताही नवा आदेश न विचारता अमलात आणण्याचा. एखाद्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देणे म्हणजे जे, तेच येथे घडते, आणि मुखत्यार नेमताना सुज्ञ गृहस्थ त्याच्या सचोटीचा व कुवतीचा विचार करतो, तसेच तीन मुखत्यार नेमले म्हणजे मालमत्ता तिप्पट सुरक्षित होते असे तो मानत नाही, तसाच विचार येथेही व्हावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक उत्पादनाचा एक सदोष आदेश जगभर पोचला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते उत्पादन घरांसाठी नव्हते, मोठ्या संस्थांसाठी होते. परंतु अधिकाराचे स्वरूप दोन्ही ठिकाणी एकच आहे. २०१६ साली गूगलच्या संशोधन विभागातील टॅविस ऑर्मंडी यांनी नॉर्टनची उत्पादने बनवणाऱ्या सिमँटेक कंपनीच्या आज्ञावलींत असे दोष दाखवून दिले की ई-मेलमधून आलेली घातक फाइल वापरणाऱ्याने उघडलीही नाही, तरी संरक्षक आज्ञावलीने तपासणीसाठी हाती घेतली एवढ्यानेच यंत्राचा ताबा जाऊ शकत होता. दोष पुढे दुरुस्त झाले. पण रक्षणासाठी नेमलेली प्रत्येक आज्ञावली स्वतःदेखील हल्ल्याचे एक स्थान असते, ही गोष्ट कायम राहते.

सचोटीचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्राग येथील अवास्ट कंपनीची विनामूल्य अँटिव्हायरस आज्ञावली जगभर कोट्यवधी लोक वापरत. तिने आणि तिच्या ब्राउझर-जोडण्यांनी वापरणाऱ्यांचा इंटरनेटवरील संचार टिपून ‘जम्पशॉट’ नावाच्या उपकंपनीमार्फत विकला, हे २०२० च्या जानेवारीत उघडकीस आले, आणि २०२४ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगून असा व्यवहार करण्यास मनाई केली. जी व्यक्ती आपल्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी एखादी वस्तू घरात आणते तिच्याच खाजगीपणाचा विक्रय त्या वस्तूने करावा, हा विश्वासघात आहे, आणि त्याला सौम्य शब्द वापरण्याचे मला कारण दिसत नाही. विंडोज बनवणाऱ्या कंपनीवर आपण आधीच विश्वास टाकलेला असतो, कारण तिच्याच प्रणालीवर आपले सर्व काम चालते. तिची संरक्षक आज्ञावली वापरल्याने विश्वासाची नवी मागणी निर्माण होत नाही. प्रत्येक नव्या उत्पादनाबरोबर मात्र ती निर्माण होते.

आता मी अशा बाबींकडे वळतो, ज्यांच्यावर घरोघरी फार थोडा विचार होतो आणि हानी मात्र त्यांच्यामुळेच होते.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून ती शिरली ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसृत केली होती. ज्यांनी ती बसवली होती ते वाचले. ‘ब्लास्टर’च्या वेळीही असेच घडले होते, दुरुस्ती जुलैत आली आणि उपद्रव ऑगस्टमध्ये. यावरून आपल्या घरातील ‘अपडेट’ पुढे ढकलण्याच्या सवयीचा विचार करावा. जुन्या यंत्राच्या मालकांना आणखी एक गोष्ट सांगतो: विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि घरगुती ग्राहकांना नोंदणी करून दुरुस्त्या मिळण्याची जी वाढीव सवलत जाहीर झाली ती एका वर्षाचीच होती. जी प्रणाली स्वतः दुरुस्त होत नाही तिच्यावर महागातली महाग संरक्षक आज्ञावली बसवली तरी ते छिद्र बुजत नाही. असे यंत्र शक्य असल्यास विंडोज ११ वर न्यावे, न झाल्यास त्यावर लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवावी, आणि तेही जमत नसेल तर निदान बँकेचे काम त्यावर करू नये.

‘वॉनाक्राय’च्याच वर्षी, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ ही आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडली आणि मर्स्क या जहाज-व्यवसायातील अग्रगण्य समूहाचे जगभरचे संगणक तिने नष्ट केले. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम थांबले आणि मालाचे कंटेनर अडकून पडले. त्या समूहाचे संपूर्ण जाळे पुन्हा उभारण्यासाठी ज्या मूळ नोंदी लागतात त्यांच्या सर्व प्रती परस्परांशी जोडलेल्या होत्या, म्हणून सर्व एकाच वेळी गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयातली, आणि ती वाचण्याचे कारण असे की नेमकी त्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. एवढ्या मोठ्या संस्थेचा उद्धार एका योगायोगाने जोडणीबाहेर राहिलेल्या प्रतीने झाला. ती व्यवस्था घरी योगायोगावर न सोपवता साध्य करता येते: बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्यावी, महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे तिच्यावर ठराविक शिरस्त्याने उतरवावी, आणि काम संपताच ती यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर आज्ञावलीच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. अँटिव्हायरसच्या दोन-तीन वर्षांच्या वर्गणीत अशी डिस्क येऊ शकते, आणि मला विचाराल तर घरच्या संगणकाच्या संरक्षणासाठी पैसा खर्च करावयाचा असल्यास पहिला खर्च तोच. आजोबांचे एकमेव छायाचित्र कोणतीही कंपनी नुकसानभरपाई म्हणून परत देऊ शकत नाही.

अधिकारांच्या मर्यादेविषयीही घरांत बेफिकिरी आहे. घरातील सर्व माणसे एकाच खात्यातून यंत्र वापरतात आणि त्या खात्याला सर्वाधिकार असतात. मग मुलाने कोठून तरी उतरवलेल्या फुकट खेळाला किंवा परवान्याशिवाय चालणाऱ्या चोरट्या सॉफ्टवेअरला तेच अधिकार प्राप्त होतात. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि सर्वाधिकारांचे खाते वेगळे, वेगळ्या पासवर्डचे असावे, याला एक पैसाही पडत नाही. डिफेंडरमध्येच, अनोळखी आज्ञावलींना निवडक फोल्डरांत बदल करू न देण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. तीही सुरू करून पाहावी, प्रारंभी थोडा त्रास झाला तरी चालेल.

आणि आता सर्वांत दुःखद प्रकार. ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल’ असे खोटे संदेश महावितरणच्या नावाने लोकांना येऊ लागले, तेव्हा त्या कंपनीला वारंवार जाहीर खुलासे करावे लागले. भयभीत गृहस्थ दिलेल्या क्रमांकावर बोलतो, पलीकडचा मनुष्य अदबीने एक छोटेसे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो, आणि त्या ॲपच्या साह्याने पडदा त्याच्या ताब्यात जातो. एनीडेस्कसारखी दूरस्थ साहाय्याची ॲपे अशा फसवणुकीसाठी वापरली जात असल्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना दिली होती. आता विचार करा: ते ॲप बनवणारी कंपनी प्रामाणिक, ॲपही वैध, आणि ते बसवण्याची परवानगी खुद्द मालकानेच दिलेली. अँटिव्हायरसने हरकत घ्यावी तरी कशावर? ‘डिजिटल अटक’ या नावाने वृद्धांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणाऱ्या टोळ्यांना तर व्हायरसची गरजच पडत नाही. सरकारी अधिकाऱ्याच्या करड्या आवाजाला वचकून राहण्याची जी सवय आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे, तिचाच त्या गैरफायदा घेतात. आणि आयुष्यभर सचोटीने वागलेली माणसे या सवयीपायी निवृत्तीची सर्व पुंजी गमावतात, हे पाहून मला अतिशय वेदना होतात. घरात असा ठराव असावा की पैशासंबंधी किंवा यंत्राच्या ताब्यासंबंधी फोनवरून आलेली कोणतीही मागणी, मग ती कितीही तातडीची असो, फोन ठेवून घरातील दुसऱ्या माणसाला सांगितल्याखेरीज मान्य करायची नाही.

प्रसंग ओढवलाच तर वेळेला किंमत आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवली असता पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी गोठवले जाण्याची शक्यता असते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची जी व्यवस्था लावून दिली, तिच्यानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा प्रकारात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीही बोजा पडत नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे फसवणूक लक्षात आल्यावर लाजेखातर घालवलेली एक रात्रदेखील महाग पडू शकते. ही तरतूद घरातील वडीलधाऱ्या मंडळींना समजावून सांगणे हे त्यांच्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, असे माझे निश्चित मत आहे.

येथवर मी सामान्य घराविषयी बोललो. एक वर्ग मात्र असा आहे की ज्याला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि आपल्या शहरांत तो लहान नाही: घरूनच काम करणारे कर-सल्लागार, वकील, डॉक्टर, विमा प्रतिनिधी. त्यांच्या यंत्रातील कागदपत्रे त्यांची स्वतःची नसतात, दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासंबंधीच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्याने केवळ घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती आपल्या कक्षेतून वगळली आहे, परंतु व्यवसायासाठी ठेवलेली वगळलेली नाही, आणि वाजवी संरक्षण न योजल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची कमाल मर्यादा आहे. अशा व्यावसायिकाने विकतचे उत्पादन घेणे मी अनाठायी समजणार नाही, विशेषतः त्याच्या दोन-तीन सहायकांची यंत्रे एका ठिकाणाहून पाहण्याची सोय त्यात मिळत असेल तर. पण त्याआधी त्याने एक गोष्ट करावी. ज्या यंत्रावर अशिलांचे दस्तऐवज आहेत त्यावर मुलांचे खेळ, चित्रपट आणि घरचा इतर व्यवहार होऊ देऊ नये. कामासाठी स्वतंत्र यंत्र ठेवावे, त्याची डिस्क सांकेतिक कुलपाने बंद असावी म्हणजे लॅपटॉप लोकलगाडीत विसरला तरी कागद कोणाला वाचता येणार नाहीत, आणि त्या यंत्राचा बॅकअप घरच्या छायाचित्रांच्या डिस्कवर न ठेवता वेगळ्या डिस्कवर ठेवावा. एवढे झाल्यावर कोणते उत्पादन घ्यावे याची चर्चा दुकानदाराशी खुशाल करावी. त्या वेळी तिला अर्थ असेल.